सपाट शीड

३ तारीख, सोमवार

ही वही काकांनी मला देऊन सत्तर दिवस झाले आणि पहिलं पान आज उघडतेय. काका म्हणाले होते, "रोज दहा नाणी बघायची आणि लिहायचं. काय वाटलं ते नको, काय दिसलं ते." मी मोठ्या उत्साहाने मान हलवली आणि वही गादीखाली सारली. पुढे मावशीच्या शिलाई मशीनचा पाय डुगडुगायला लागला तेव्हा ती त्याच्याखाली गेली. आज मावशीने तिथून ओढून माझ्यापुढे आपटली. "भिंगरे, तू लिहिणार आहेस की मी ह्यात गिऱ्हाइकांची मापं उतरवू?"

भिंगरी म्हणजे मी. हे नाव मावशीनेच पाडलं, पहिल्या आठवड्यात. दहावी दोन हप्त्यांत केली, मग घर सोडलं. खेळण्यांच्या कारखान्यात बाहुल्यांना डोळे बसवले, लॉजवर चादरी बदलल्या, सर्कशीच्या तिकीटखिडकीत बसले. इथे, काकांच्या नाण्यांच्या दुकानात, आले ती एक नाणं विकायला; कुणाला ओळखतही नव्हते. बाबांच्या कपाटातलं होतं, विचारून घेतलं नव्हतं. चांदीचं, एका बाजूला शिडाचं जहाज. काळपट दिसत होतं म्हणून लॉजच्या बेसिनवर टूथपेस्ट लावून चकाचक केलं. काकांनी ते हातात घेऊन अंगठा फिरवला आणि कोणीतरी गेल्याची बातमी ऐकावी तसा चेहरा केला.

"ह्या सालची बरीचशी नाणी अशीच," म्हणाले. "शीड सपाट लागतंय ना? ते झिजलेलं नाही. टांकसाळीत ठसाच कच्चा बसला. त्या सपाट भागात मूळची कातडी, म्हणजे टांकसाळीची चमक, शाबूत असली की ओळखता येतं. पण तू तर कातडीच सोलून आणलीस." मग जरा थांबून, "दुसरं काही येतं का तुला?"

"नाही," म्हटलं.

"बरं झालं. मग शिकशील."

तेव्हापासून दिवसा इथे आणि रात्री मावशीच्या माळ्यावर. बाबांचं नाणं काकांच्या खणात, पाकिटात. वर लिहिलंय, "धुतलेलं."

आज दहापैकी सहा नाणी बघितली. मग समोरच्या छपरावर एक मांजर दुसऱ्या मांजराच्या शेपटीवर बसलं होतं ते बघत बसले.

६ तारीख, गुरुवार

दुकान म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. खाली मावशीचं शिवणकाम. टेबलावर जाड हिरवं कापड, नाणं निसटलं तर कडेला खोक पडू नये म्हणून. त्यावर एक दिवा. त्याचा दांडा खाली ओढला की बिजागरी अशी किंचाळते की मावशी खालून झाडूच्या दांड्याने छत ठोकते. मी तेल घालायला निघाले तर काका म्हणाले, "राहू दे. तिला बोलू दे."

पद्धत अशी. नाणं कडेने धरायचं. त्याच्यावर तोंड करून बोलायचं नाही, थुंकीचा ठिपका वर्षभराने काळा होऊन वर येतो. (हे मला सगळ्यात जड जातं.) आधी उंच जागा बघायच्या: राजाची भुवई, गाल, कानावरचे केस. जगाचा हात आधी तिथे लागतो. मग दिवा खाली ओढायचा, नाणं तिरपं करायचं आणि सावकाश फिरवायचं. कोऱ्या नाण्यावरची चमक फिरते, चाकाचे आरे फिरावेत तशी. घासून आणलेली चमक एका जागी ढिम्म बसून राहते. त्यावरून काकांच्या पाच पायऱ्या: कोरं, जवळजवळ कोरं, छान, बरं, झिजलेलं. ती पायरी चिठ्ठीवर लिहायची, खाली काकांची सही, चिठ्ठी पाकिटावर. चाळीस वर्षं झाली, लोक पाकीट न उघडता नाणं घेतात. चिठ्ठी बघितली की संपलं.

काका हल्ली स्वतः बघत नाहीत. खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "तू सांग, मी ऐकतो." परीक्षा घ्यायची ही त्यांची तऱ्हा. आज मी मुद्दाम एक थाप मारली. राजाच्या गालावर ओरखडा आहे म्हटलं. नव्हता.

"किती लांब?"

"तांदळाएवढा."

त्यांनी मान डोलावली. मला जरा वाईटच वाटलं. शिकवणाऱ्याने चोरी पकडायला नको का?

म्हातारपणात विसराळूपणाही आलाय. चहा ओतताना बोट कपात बुडवून ठेवतात. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "तू तुझा कप सांभाळ."

११ तारीख, मंगळवार

आज एक बाई आल्या. शाळेत भूगोल शिकवायच्या, आता निवृत्त. जिना चढून दम लागला होता, तरी आधी भिंतीवरचा जुना नकाशा वाचला आणि त्यातली एक नदी चुकली आहे म्हणाल्या. मग पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. आत एकतीस नाणी.

नाणी त्यांच्या धाकट्या भावाची. तो पोस्टात शिक्के मारायचा. चार वर्षं झाली, अंथरुणाला खिळलाय. "आमच्याकडे सगळे म्हणतात, ह्याने लग्न केलं नाही, घर बांधलं नाही, नाणी पाळली," बाई म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण रुमाल मुठीत घट्ट होता. "तो म्हणतो, तीस गेली खड्ड्यात. हे एक बघा. जहाजाचं. त्याचं म्हणणं हे कोरं आहे. बाकी जग म्हणतं, घासून सपाट झालंय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्याला तुमच्या हातची चिठ्ठी हवी आहे. आयुष्यात एकदा तरी आपली नजर बरोबर होती की नाही, एवढंच."

काकांनी डबा चाचपून जवळ ओढला. म्हणाले, "परवा देतो."

बाई गेल्यावर मला म्हणाले, "घाई करू नकोस." मी कधी घाई करते?

१३ तारीख, गुरुवार

आज जुन्या गिरणीचं धुराडं सुरुंग लावून पाडणार होते, चार वाजता. सगळा गाव बघायला जाणार. मावशीनेसुद्धा मशीनवर कापड टाकलं. एकतीस नाण्यांचं काम दोन दिवसांत संपवलं, काही चेष्टा नाही. शेवटचं जहाजाचं राहिलं तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

"शीड सपाट आहे," मी म्हटलं. "बरंच झिजलंय."

काकांनी विचारलं, "सपाट भागात काय दिसतं?"

"काही नाही."

"तिरपं केलंस?"

"केलं की."

काका थोडा वेळ कान देऊन बसले, दुसऱ्याच कुणाचं काही ऐकत असल्यासारखे. मग म्हणाले, "लिही." मी लिहिलं, "बरं." म्हणाले, "सही कुठे करू, बोट ठेव." मी बोट ठेवलं, त्यांनी बोटाला लागून सही केली, थोडी माझ्या नखावरही आली. मी पळाले.

धुराडं मात्र फसवं निघालं. मला वाटलं होतं धाडकन आडवं होईल. ते जागच्या जागी बसलं, थकलेला माणूस बसतो तसं. मग नुसती धूळ. मावशी म्हणाली, "ह्यासाठी मी बाही अर्धी सोडून आले?"

१५ तारीख, शनिवार

काल बाई चिठ्ठ्या घेऊन गेल्या. जहाजाची चिठ्ठी तिथेच वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. "म्हणजे सगळे बरोबर होते," एवढंच बोलल्या. आभार मानायला विसरल्या नाहीत. जिना उतरताना कठड्याला धरून थांबल्या तेव्हा मावशीने पाणी दिलं.

आज डबा घेऊन परत आल्या. "त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, विकून टाक, घरात नकोत मला." शनिवारी गलमिशा असतोच. हा पलीकडच्या गावचा व्यापारी. गालावर दोन झुडपं वाढवली आहेत आणि बोलताना ती कुरवाळतो. एरवी चिठ्ठी बघून पाकीट न उघडता घेतो आणि तासभर घासाघीस करतो. आज त्याने जहाजाचं पाकीट उघडलं, खिडकीशी गेला, पाठ करून उभा राहिला, मिटलं, आणि सगळा डबा बाई म्हणाल्या त्या भावात उचलला. चहासुद्धा घेतला नाही. काहीतरी घाई असावी.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "त्याने पाकीट उघडलं का गं? आवाज आला मला."

"हो."

"आणि घासाघीस केली नाही."

"नाही."

ते जेवले नाहीत. तब्येत बरी नसावी.

१८ तारीख, मंगळवार

काकांना दिसत नाही.

सकाळी पत्र आलं. ते त्यांनी उघडून समोर धरलं, वाचल्यासारखं केलं, "ठीक आहे" म्हणाले. पत्र उलटं होतं.

मी खाली मावशीकडे गेले. तिने दोरा दाताने तोडला. "झाले की अडीच-तीन महिने. तू आलीस तेव्हा कडेकडेचं थोडं दिसायचं. आता तेही नाही."

"तू मला सांगितलं नाहीस!"

"त्यांनी शपथ घातली होती. आणि मला वाटलं, दिवसभर त्यांच्या समोर बसतेस, दिसलं असेल तुला." मग जरा मऊ होऊन, "तू डोळे आहेस त्यांचे. म्हणून तर ठेवलंय तुला."

मी? जिला दहा नाणी बघताना मांजर दिसतं?

१९ तारीख, बुधवार

आज ही वही मागून पुढे वाचली. काकांना मारलेली थाप आठवली म्हणून शरमेने शोधत होते. पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय. शीड सपाट. ते झिजलेलं नाही. ठसा कच्चा. कातडी बघायची.

माझ्याच अक्षरात.

खणातून बाबांचं नाणं काढलं. तेच जहाज. तेच साल. तेच सपाट शीड. दहाच दिवसांनी मी तसलंच नाणं हातात घेतलं आणि ओळखलं नाही, कारण गिरणीचं धुराडं पडणार होतं.

२० तारीख, गुरुवार

पहिल्या बसने गलमिशाच्या गावी गेले. दुकान काचेचं, आत गारवा. नाणं मधल्या कपाटात, मखमलीवर, एकटंच. खाली त्याचा स्वतःचा कागद: "कोरं. कच्चा ठसा. दुर्मिळ."

"बघ, बघ," तो म्हणाला आणि स्वतः काढून दाखवलं. त्याला मजा वाटत होती. उजेडात त्याने ते तिरपं करून सावकाश फिरवलं आणि चमक फिरली, आरे फिरावेत तशी, राजाच्या मुकुटावरून आणि उलटल्यावर शिडाच्या सपाट भागावरूनसुद्धा. एकदाही न अडखळता. त्या माणसाची नजर बरोबर होती. अंथरुणात पडलेल्या त्या माणसाची.

मी परत मागितलं. रडले, हेही लिहायलाच हवं. मग भांडले.

"अगं पोरी, मी चोरी केली का? काकांची चिठ्ठी, काकांची सही. 'बरं' म्हणून विकलं, 'बरं' म्हणून घेतलं."

"मग निदान बाईंना सांगा की ते कोरं आहे. भावाला सांगा. नाणं ठेवा तुमच्याकडे."

त्याने झुडूप कुरवाळलं. "सांगेन की. पण मग लोक विचारतील, काकांना कसं दिसलं नाही? मग मला तेही सांगावं लागेल. मला केव्हापासून माहीत आहे म्हणतेस? मी आल्यावर ते दाराकडे बघून नमस्कार करतात, मी खिडकीशी असतो."

परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने मला पिशवी दिली. तिला वाटलं मला बस लागतेय.

२१ तारीख, शुक्रवार

बॅग भरली. स्टँडवर गेले. नऊ गावं सोडली आजवर, स्टँडवर जाऊन कुठली पाटी आधी येते ते बघायचं, बस्स. तीन बस गेल्या. कुठलीच पाटी वाचली नाही. परत आले. मावशीने बॅग बघितली आणि म्हणाली, "धुवायचे कपडे वेगळे काढ."

२२ तारीख, शनिवार

काकांना सांगितलं. सगळं. थापेसकट.

वाटलं होतं ओरडतील. त्यांनी हात पुढे करून दिव्याचा दांडा शोधला आणि खाली ओढला. बिजागरी किंचाळली. खालून मावशीने ठोकलं.

"त्या दिवशी ही बोलली नव्हती," काका म्हणाले. "एकोणतीस वेळा बोलली, तिसाव्यांदा बोलली, एकतिसाव्यांदा नाही. तू तिरपं केलं नाहीस हे मला तेव्हाच कळलं."

"मग सही का केलीत?"

"परत बघ म्हटलं असतं तर तू चिडून म्हणाली असतीस, तुम्हीच बघा. मग मला सांगावं लागलं असतं." ते दिव्याकडे तोंड करून बसले होते. उजेड सरळ डोळ्यांत पडत होता आणि पापणी हलत नव्हती. "तुझं धुराडं होतं. माझी चाळीस वर्षं होती. तो माणूस दोघांच्या मधे चिरडला गेला."

मी दिवा त्यांच्या डोळ्यांवरून बाजूला वळवला.

"लिही आता," म्हणाले. सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना पत्रं. माझी नजर गेली आहे. गेल्या तीन महिन्यांतल्या चिठ्ठ्या माझ्या डोळ्यांनी दिलेल्या नाहीत. ज्याला शंका असेल त्याने नाणं परत आणावं. मी म्हटलं, "काका, दुकान संपेल." म्हणाले, "दुकान त्या धुराड्याच्या गुरुवारी साडेतीनला संपलं. हे नुसतं कळवणं आहे."

एक वेगळं पत्र बाईंच्या भावाला: तुमचं नाणं कोरं आहे. तुम्ही बरोबर होता. चूक आमची.

२४ तारीख, सोमवार

बाईंनी दार साखळीएवढंच उघडलं. आतून औषधांचा वास येत होता. फटीतून पलंगाचा पायथा दिसला, चादरीखाली दोन पावलं, भिंतीकडे वळलेली.

मी पत्र पुढे केलं, म्हटलं, चिठ्ठी चुकली, नाणं कोरं आहे. त्यांनी घेतलं नाही.

"चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हापासून तो असाच आहे. दूधसुद्धा चमच्याने घालावं लागतं." त्या कुजबुजत बोलत होत्या, वर्गात कुणी झोपलं असेल तशा. "त्या दिवशी सांगितलंत, बरं. आज सांगता, कोरं. उद्या काय सांगाल? माणूस आहे तो. त्याला असं वरखाली नका करू."

"खरंच कोरं आहे, बाई. मी बघितलं. चमक फिरते."

"दाखवा."

माझ्याकडे नव्हतं.

"मग काय घेऊन आलात?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच विचारलं. आणि दार लावलं.

कोपऱ्यापर्यंत गेले. मग तिथून दुकानापर्यंत पळत गेले, खणातून बाबांचं नाणं घेतलं, परत आले. काकांच्या पत्राच्या मागच्या बाजूला उभ्या उभ्या लिहिलं: "तुमच्या नाण्याची चिठ्ठी मी लिहिली. दिवा न ओढता लिहिली. हे माझ्या बाबांचं. साल तेच, शीड तसंच सपाट. हे मी टूथपेस्टने घासलं. ह्याच्यावर आता काही दिसत नाही, तुमच्या नाण्यावर दिसतं. दोन्ही वेळा मीच." त्यात नाणं गुंडाळलं आणि दाराच्या पत्रफटीतून आत टाकलं. फरशीवर खण्ण झालं. कडेला खोक पडली असणार.

आता वाटतं, काय हा वेडेपणा. मरणाऱ्या माणसाच्या घरात खराब नाणं फेकून आले. आणि ते माझंही नव्हतं.

२७ तारीख, गुरुवार

पत्रांना उत्तरं यायला लागली. दोघांनी नाणी परत पाठवली, पत्राशिवाय. एकाने लिहिलंय, "वाईट वाटलं," आणि पुढे काही नाही. काका मला वाचायला लावतात आणि म्हणतात, "पुढे?" पुढे काही नसतं.

जिन्यावर पाऊल वाजलं की मी हातातलं नाणं खाली ठेवते. बाई येतील आणि म्हणतील, गेला. किंवा येणारच नाहीत, आणि मला कुणाकडून तरी कळेल, आणि तो भिंतीकडे तोंड करून गेला असेल, "बरं" हा शब्द डोक्यात घेऊन. माझ्या अक्षरातला.

मावशीने जेवण वर आणून ठेवलं. म्हणाली, "न जेवून नाणं कोरं होत असतं तर मीही उपाशी राहिले असते." खाल्लं नाही तशी दाराशीच बसून राहिली, खाईपर्यंत.

रोज दहा नाणी बघते. दिवा ओढते. काका नुसतं ऐकतात.

२९ तारीख, शनिवार

सकाळचे अकरा. गलमिशा आला नाही, आता येणारही नाही. सातवं नाणं हातात होतं, घोडेस्वाराचं, खांद्यावर किंचित झीज, चमक फिरतेय, जवळजवळ को

खालून मावशी हाका मारतेय. झाडूने ठोकत नाहीये, रस्त्यात उभी राहून ओरडतेय. खिडकीतून बघितलं. खाली एक टेम्पो उभा आहे. दोघं जण चाकांची खुर्ची उतरवतायत आणि बाई "हळू, हळू, अरे उतार बघा" करत भोवती फिरतायत, केस विसकटलेले. खुर्चीत एक काटकुळा माणूस, खांद्यावर जाड चादर, पायात मोजे. मूठ वर करून मावशीला दरडावतोय, श्वास पुरत नाहीये तरी दरडावतोय, गल्ली ऐकतेय:

"हे कोणी घासलं? टूथपेस्टने? चांदीला? तिला खाली बोलवा आधी! आणि म्हणावं, तो दिवा घेऊन ये. कसं बघायचं असतं ते मी दाखवतो तिला."

काका उठून उभे राहिलेत. एक हात टेबलाच्या कडेवर. कोण आलंय म्हणून विचारतायत. माझा आवाज फुटत नाहीये म्हणून इथे लिहितेय, मग दिवा सोडवते आणि सांगते.

काका, बाईंचा भाऊ आलाय.